बोलणारं लोखंड

बाबांचे कान पुरते गेले आणि मला रेडिओवर बोलायचं काम मिळालं, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी झाल्या. छत्तीसगढ वेगळं राज्य झालं तेही त्याच सुमारास, म्हणून ते वर्ष माझ्या नीट लक्षात राहिलं आहे.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर होते. भंडाऱ्याकडच्या गावातून आले तेव्हा जेमतेम विशीत होते, आणि मग सगळी नोकरी त्यांनी रोलिंग मिलमध्ये काढली. तापून लाल झालेलं लोखंड रोलरांमधून धावत येतं, आदळतं, दाबलं जातं, पुन्हा धावतं. त्या आवाजात माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. बाबांचं ऐकणं हळूहळू गेलं. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग आईच्या बांगड्या. शेवटी आम्ही गेलो. ते रिटायर झाल्यावर आम्ही स्मृति नगरच्या घरात राहायला आलो तेव्हा आमचं त्यांच्याशी बोलणं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चालायचं. स्वयंपाकघराच्या दाराशी एका खिळ्याला कॅलेंडर आणि त्यालाच सुतळीनं बांधलेली पेन्सिल. बाबा मोठ्यानं बोलत, आम्ही लिहीत असू.

कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. ते दोन आठवडे लावलं आणि मग कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, "माह्या डोक्यात मिल चालूच हाय. हे त्याच्यावर अजून शिट्ट्या मारते."

पण याच माणसाला मिलमध्ये मशीन ऐकायला बोलावत. मोठ्या बेअरिंगमध्ये बिघाड सुरू झाला की तो आधी कुणालाच कळत नाही. बाबा एक लोखंडी रॉड घेत, त्याचं एक टोक बेअरिंगच्या लोखंडी कवचावर टेकवत, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून उभे राहत. मग सांगत की आठवडाभर चालेल, किंवा आत्ताच बंद करा. रिटायर झाल्यावरसुद्धा एकदोनदा त्यांच्या हाताखालचे लोक घरी विचारायला आले होते. आई हसायची. म्हणायची, "मी हाका मारून मारून थकते, त्या ऐकू येत नाही, अन् लोखंडाचं बरोबर ऐकू येते."

मला रेडिओचं काम मिळालं ते कॅज्युअल अनाउन्सर म्हणून. महिन्यातले सहा दिवस. स्टुडिओ दुर्गला होता, कोर्टाच्या मागच्या बाजूला एका शांत गल्लीत. आत शिरलं की चप्पल बाहेर काढायची, जड दार ओढून घ्यायचं, आणि मग स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा. संध्याकाळच्या सभेत, म्हणजे प्रसारणाच्या सत्रात, मी घोषणा करायचे आणि आठवड्यातून एकदा बायकांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून ठेवायचे, तो दुपारी लागायचा. बोलायचं हिंदीत, मध्ये मध्ये छत्तीसगढीत. मराठी फक्त घरी.

माझा कार्यक्रम असला की आई स्वयंपाकघरातला रेडिओ बाहेरच्या खोलीत आणून ठेवायची आणि बाबांना खूण करायची, पोरगी लागली म्हणून. बाबा खुर्ची ओढून रेडिओसमोर बसायचे. पूर्ण अर्धा तास. त्यांना काहीच ऐकू येत नसे. ते रेडिओकडे बघत राहायचे, आणि आईनं बटण बंद केलं की उठायचे. हे मला आईनं सांगितलं.

तेव्हा मला रेडिओबद्दल फार थोडं माहीत होतं. मी माईकसमोर बोलते आणि लोकांना घरात ऐकू येतं, इतकंच. आमचा ट्रान्समीटर स्टुडिओपासून पुष्कळ लांब, जामुलच्याही पुढे, भाताच्या शेतांच्या मधोमध होता. दोन वर्षं मी तो पाहिलाच नाही.

मग एक पत्र आलं.

ते युरोपच्या अगदी उत्तर टोकाकडच्या एका देशातून आलं होतं. लिफाफ्यावर आमच्या केंद्राचं नाव हातानं लिहिलेलं, त्यातली दोन अक्षरं चुकलेली. आत इंग्रजीत एक पान. लिहिणारा एक शाळामास्तर होता. त्यानं लिहिलं होतं की हिवाळ्यात तो आणि त्याचे दोन मित्र जंगलातल्या एका लाकडी घरात जातात, झाडाझाडांवरून लांबच लांब तार बांधतात आणि जगातली बारीक बारीक मीडियम वेव्ह केंद्रं ऐकतात. अमुक तारखेला त्यांनी एक अनोळखी केंद्र ऐकलं. त्यांच्याकडे दुपार होती, पण सूर्य उगवलेला नव्हता, कारण त्या दिवसांत तिथं तो उगवतच नाही. खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला आणि दोन मिनिटांनी बुडाला. भाषा आम्हाला कळली नाही, त्यानं लिहिलं होतं, पण ती बाई बोलता बोलता एकदा थांबली, तिला हसू आलं, तिनं ते आवरलं आणि मग ढोलकीचं गाणं सुरू झालं. हे केंद्र तुमचंच होतं का, कृपया कळवा.

मी ड्यूटीचं रजिस्टर काढलं. ती संध्याकाळ माझी होती. आणि मला ते हसू आठवलं. बियाण्यांच्या सूचनेच्या जागी माझ्या हातात मुलाखतीचा कागद आला होता, मी पहिला शब्द वाचला आणि चूक लक्षात येऊन हसू फुटलं होतं. घरी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. खुद्द दुर्गमध्ये कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि सूर्य न उगवणाऱ्या जंगलात तीन माणसांनी ते लिहून घेतलं होतं.

मला भीती वाटली, असं म्हटलं तरी चालेल.

अशा पत्राला उत्तर द्यायचं काम ट्रान्समीटरच्या इंजिनिअरचं. ते पत्र न्यायला स्वतः आले. विदर्भातलेच, पन्नाशीकडे झुकलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर खोचलेला. कारखान्यात त्यांचे काका अधिकारी होते, त्यामुळे भिलाई त्यांना माहीत होतीच. त्यांनी उभ्या उभ्या पत्र दोनदा वाचलं.

"ताई," ते म्हणाले, "हे तुमच्या नावानं नाही. हे माझ्या मास्टच्या नावानं आहे."

मास्ट म्हणजे ट्रान्समीटरचा उंच लोखंडी मनोरा. मग खुर्चीवर बसून त्यांनी मला समजावून सांगितलं. दिवसा आपला आवाज जमिनीला धरून जातो, चार जिल्हे ओलांडून संपतो. सूर्य मावळला की आकाशातला फार वरचा एक थर आरशासारखं वागायला लागतो. आवाज वर जातो, तिथं आदळून खाली येतो, समुद्रावरून पुन्हा वर जातो. "आपण दुर्गसाठी बोलतो," ते म्हणाले, "पण तो कुठं कुठं जाते ते आपल्या हातात नाही. मी इतकी वर्षं रोज संध्याकाळी हे करून राहिलो, अन् तरी मला ते पुरतं खरं वाटत नाही."

घरी जाऊन मी पत्रातली हकीकत कॅलेंडरवर मराठीत लिहिली. एक महिना पुरला नाही, दुसरा महिना उलटावा लागला. बाबांनी चष्मा लावून वाचलं. मग परत पहिल्या ओळीपासून वाचलं.

"सूर्य नाही उगवत तिथं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

मग बाबा त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "इतक्या दूरच्या माणसानं तुहं हसू ऐकलं. मी एका घरात राहून नाही ऐकलं."

त्यात तक्रार नव्हती. एखादी नोंद करावी तसं ते बोलले आणि अंघोळीला गेले. मला मात्र ते सोसवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअर सरांना फोन करून विचारलं, माझ्या वडिलांना ट्रान्समीटर दाखवता येईल का. ते बहिरे आहेत, पण मशीनचे माणूस आहेत.

"बहिरे आहेत तर नक्की आणा," सर म्हणाले. का ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांनी रीतसर परवानगी घेतली आणि माझा रेकॉर्ड केलेला कार्यक्रम लागतो तोच दिवस ठरवला. जामुलपर्यंत आम्ही बसनं गेलो, पुढं सरांची जीप आली होती. सिमेंटची धूळ मागं पडली, दोन्हीकडे शेतं लागली, आणि मग समोर मास्ट दिसला.

मी तो फोटोत पाहिला होता. फोटोत तो टॉवर वाटतो. प्रत्यक्षात आधी त्याचं टोक दिसलं, मग जीप जसजशी पुढं गेली तसतसा तो वर वर जात राहिला, आणि फाटकापाशी उतरलो तेव्हा शेंडा बघायला मान इतकी मागं न्यावी लागली की बाबांची टोपी पडली. लाल-पांढरे पट्टे, सर्व बाजूंनी ताणलेल्या तारा, आणि त्याच्या पायाशी कुंपण. सरांनी कुंपणाबाहेरून बोट दाखवलं. एवढा तो उंच लोखंडी सांगाडा खाली खाली निमुळता होत गेला होता, आणि शेवटी कमरेइतक्या उंचीच्या एका चिनी मातीच्या ठोकळ्यावर उभा होता. फक्त तेवढ्यावर.

"जमिनीला लोखंड कुठंच टेकलेलं नाही," सर म्हणाले. "आत्ता हा सगळा मास्ट जिवंत आहे, विजेनं भरलेला. याच्यावर वेगळी एरियलची तार नाही, ताई. हीच तार."

बाबांना मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं, मग शेंड्याकडे, परत ठोकळ्याकडे. आयुष्यभर लोखंडाची वजनं ओळखलेला माणूस. त्यांनी हातातली टोपी तशीच धरून ठेवली, डोक्यावर घातली नाही.

"हे कोणं उभं केलं?" त्यांनी विचारलं.

सरांनी कागद घेतला आणि जिपेच्या बॉनेटवर ठेवून लिहू लागले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यांनी लिहिलं की ते स्वतः नोकरीला लागले त्याच महिन्यात हे काम चालू होतं. इथं तेव्हा फक्त शेतं होती. कलकत्त्याकडची आठ माणसांची टोळी आली होती. क्रेन नव्हती. ती माणसं एक तुकडा बसवत, त्याच्यावर चढत, आणि खालून दोरानं पुढचा तुकडा वर ओढत. मास्ट त्यांच्या पायाखाली वाढत गेला. आधी जमिनीत तांब्याच्या तारा पुरल्या, मास्टपासून चारी दिशांना, चाकाच्या आऱ्यांसारख्या, शेताच्या टोकापर्यंत. गावातल्या बायका तारांसाठी खणलेल्या चरांत माती लोटायला होत्या. पहिल्या दिवशी ट्रान्समीटर चालू केला तेव्हा त्या बायका फाटकाबाहेर रेडिओ घेऊन बसल्या होत्या, पण रेडिओची गरज पडली नाही. एका जुन्या गंजक्या कुंपणाच्या तारेतून भजन ऐकू यायला लागलं. सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं तारेपाशी कान नेला आणि म्हणाली, "तार ह गाना गाथे." तार गाणं गाते. पुढं कित्येक दिवस गावातले लोक कुंपणाच्या त्या खांबाला फुलं वाहत होते.

बाबांनी वाचलं. "फुलं कायले?" ते म्हणाले. "देव नाही, लोखंड हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "पण लोखंडाले कमी समजू नये."

सर मोठ्यानं हसले. बाबांना हसणं दिसलं, तेही हसले.

आत ट्रान्समीटरचा हॉल होता. मला वाटलं होतं तिथं शांतता असेल, स्टुडिओसारखी. तिथं पंख्यांचा घोष चालू होता. माणसाच्या उंचीची राखाडी कपाटं एका ओळीत, त्यांच्यावर घड्याळासारखी मीटर्स, आणि एका जाड काचेमागं आवाजाला ताकद देणारी काचेची नळी, व्हॉल्व्ह. छातीइतका उंच, आतून नारिंगी. त्याच्या उजेडात बाबांचा चेहरा भट्टीसमोर दिसायचा तसा दिसला. एका मीटरचा काटा नाचत होता, नियमानं नाही, अडखळत, घाईनं, परत थांबत.

"हा कार्यक्रम," सर म्हणाले. "बातम्या संपून राहिल्या. पुढं तुमचाच."

मग ते आम्हाला कपाटांच्या मागं घेऊन गेले. तिथं जाळीच्या आत तेलाच्या मोठ्या टाकीसारखं काहीतरी बसवलेलं होतं. सरांनी हात आडवा धरून आम्हाला जाळीपासून लांब थांबवलं. "आत काहीच जाणार नाही. बोटसुद्धा नाही. नुसतं ऐका."

मी ऐकलं. पंख्यांच्या घोषाखालून कुणीतरी बोलत होतं. जाड, दबलेला, दाराआडून यावा तसा आवाज. बातम्या वाचणारा. स्पीकर कुठंच नव्हता.

"हा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर," सर म्हणाले. "तुमचा सगळा आवाज याच्या लोखंडातून जातो, अन् जाता जाता लोखंड हलतं. नवीन ट्रान्समीटरमध्ये हे राहत नाही. आपला जुना आहे, म्हणून बोलतो."

तेवढ्यात बातम्या संपल्या, आणि त्या टाकीतून मी बोलायला लागले.

स्वतःचा आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता. पण इथं तो कुणासाठी नव्हता. कुणी ऐको न ऐको, लोखंड तो बोलत होतं. मी बाबांकडे वळले. ते जाळीकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते. ट्रान्सफॉर्मर ज्या लोखंडी चॅनलवर, म्हणजे पन्हाळीसारख्या जाड पट्टीवर, बसवला होता, तो चॅनल जाळीच्या खालून हातभर बाहेर आलेला होता. बाबा वाकले आणि त्यांनी सरांकडे पाहून बोटानं विचारलं, इथं हात लावू?

सरांनी मान हलवली. चॅनलला अर्थिंग होतं, हात लावायला धोका नव्हता. बाबांनी तळवा टेकवला, काढला, आणि इकडंतिकडं बघू लागले. उंच खिडक्या ढकलायची एक लाकडी काठी भिंतीला टेकून ठेवली होती. ती त्यांनी उचलली. सरांना काही सांगावं लागलं नाही. ते मागं सरकले.

बाबा फरशीवर एका गुडघ्यावर बसले. काठीचं एक टोक चॅनलवर टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडावर दाबलं आणि डोळे मिटले. मी त्यांना मिलमध्ये असं कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. त्यांचा चेहरा बदलला. कपाळावरची आठी गेली. ते बराच वेळ हलले नाहीत. मी टाकीतून बोलत होते, बायकांना लोणच्याच्या बरण्या उन्हात कशा ठेवायच्या ते सांगत होते, आणि माझ्या पायाशी माझे वडील मला ऐकत बसले होते.

मग ते डोळे न उघडता म्हणाले, "शब्द नाही समजून राहिले."

मला वाटलं, संपलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण ही मधात दम घेते," बाबा म्हणाले. "वाक्य अर्धं झालं का दम घेते. लहानपणी पाढे म्हणताना असाच दम घे तू." त्यांनी डोळे उघडले. "हे तू होय ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी माझं तोंड बघितलं, मान डोलावली आणि परत डोळे मिटले. पूर्ण अर्धा तास ते तसेच बसले. मध्ये सरांनी त्यांच्या गुडघ्याखाली एक पोतं घडी करून सरकवलं. गाणं लागलं तेव्हा बाबांची मोकळी बोटं फरशीवर ठेका धरायला लागली, आणि तो ठेका बरोबर होता.

उठले तेव्हा त्यांनी काठी जिथून घेतली होती तिथं नीट टेकवून ठेवली आणि सरांना म्हणाले, "तुमचं बेअरिंग चांगलं हाय साहेब. अजून लय वर्षं चालते."

सरांनी त्यांच्या पाया पडायला हात खाली नेला. बाबांनी तो वरच्या वर धरला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. जामुलला बसची वाट बघताना बाबांनी मला एकदाच विचारलं, "तू रोज इतकं बोलते?"

त्यानंतर बाबा आणखी नऊ वर्षं होते. रेडिओसमोर खुर्ची ओढून बसणं त्यांनी सोडलं नाही. पण आता ते रेडिओवर हात ठेवून बसायचे, आणि कधी कधी संध्याकाळी मी घरी आले की सांगायचे, आज कार्यक्रमात घाईत बोलत होती, किंवा रेकॉर्डिंगच्या दिवशी तुहा घसा बसला होता काय. बऱ्याचदा त्यांचं खरं निघायचं.

बाबा गेल्यावर आईनं तो रेडिओ आपल्या उशाशी घेतला. माझे सहा दिवस चालूच राहिले. आजूबाजूला सगळं बदललं. लोकांच्या हातात मोबाइल आले, स्टुडिओत टेपच्या जागी कॉम्प्युटर आला, आणि आमचेच कार्यक्रम एफएमवर लागायला लागले. पत्रं थांबली. ट्रान्समीटरचे सुटे भाग मिळेनासे झाले. सर एका व्हॉल्व्हसाठी तीन राज्यांत फोन करायचे. मग ते रिटायर झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी वरून कागद आला की मीडियम वेव्ह बंद करायची.

आमच्या केंद्रप्रमुख बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, शेवटच्या दिवशी केंद्राच्या इतिहासावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करा. मी फायली काढल्या. त्यांत बदल्या होत्या, खुर्च्यांची खरेदी होती, दौऱ्यांचे अहवाल होते. मास्ट उभा करणाऱ्या आठ माणसांची नावं कुठंच नव्हती. चरांत माती लोटणाऱ्या बायकांचा उल्लेखही नव्हता. हे सगळं फक्त एका माणसाला माहीत होतं. मी सरांच्या घरी गेले.

"मी नाही बोलणार," सर म्हणाले. "मी कधी माईकवर बोललो नाही ताई."

मला वाटलं ते विनय दाखवत आहेत. पण ते खरं होतं. पस्तीसेक वर्षं त्यांनी मंत्री, शेतकरी, गायक, शाळेतली पोरं, सगळ्यांचे आवाज हवेत सोडले होते, आणि स्वतः एक शब्दही रेडिओवर बोलले नव्हते. तशी वेळच आली नव्हती.

त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "जा न. घरात तर रोज तेच सांगता."

ते स्टुडिओत आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि खिशात टेस्टर होता. त्यांनी चप्पल बाहेर काढली. माईकसमोर बसले आणि लाल दिवा लागल्यावर त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मी प्रश्न विचारला. ते गप्प. मी दिवा बंद करायला लावला, पाणी दिलं.

"काय झालं सर?"

"काही नाही," ते म्हणाले. "इथून पुढं आवाज कुठं जाते ते मला माहीत आहे ना. तुम्हा लोकांना माहीत नसतं, म्हणून तुम्ही बोलू शकता."

मग मी त्यांना म्हटलं, सर, माईकला सांगू नका, माझ्या बाबांना कागदावर लिहून सांगितलं होतं तसं मला सांगा. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. आठ माणसं, दोर, चर, कुंपणाची तार. हिंदीत सुरू केलं, मध्येच मराठीत गेले, बायकांचं बोलणं सांगताना छत्तीसगढीत. मी काही कापलं नाही. त्या टोळीतल्या पाच जणांची नावं त्यांना आठवली आणि तिघांची नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. तेही त्यांनी सांगितलं, आणि तेही मी ठेवलं.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम लागायच्या वेळी सर आणि मी ट्रान्समीटरवर होतो; नोकरीत असल्यासारखा सरांनी डबाही आणला होता. ड्यूटीवरचा तरुण इंजिनिअर उठून उभा राहिला आणि त्यानं सरांना आपली खुर्ची दिली. सर बसले नाहीत. ते मागं जाळीपाशी गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही. जाळीपाशी ते हात मागं बांधून उभे होते आणि त्यांचं डोकं थोडं एका बाजूला झुकलेलं होतं, एवढं मला कपाटांच्या फटीतून दिसलं. अर्धा तास ते स्वतःला ऐकत होते.

कार्यक्रम संपला. सभेची शेवटची घोषणा स्टुडिओतून माझ्या एका मैत्रिणीनं केली. तिनं साधीच केली, रोजची. तरुण इंजिनिअरनं सरांकडे पाहून स्विचकडे हात केला.

"तुम्ही करा सर."

सरांनी एकेक करून, क्रमानं, घाई न करता स्विच खाली ओढले. मीटरचे काटे खाली आले. काचेमागचा नारिंगी उजेड लगेच गेला नाही. तो आधी गडद झाला, मग तांबडा, मग फक्त कडा उरली. पंखे चालूच होते. व्हॉल्व्ह थंड होईपर्यंत ते चालू ठेवावे लागतात, नाही तर काच तडकते. उद्या त्या व्हॉल्व्हची कुणालाच गरज नव्हती, तरी सर घड्याळ बघत उभे राहिले आणि पूर्ण वेळ झाल्यावरच त्यांनी पंखे बंद केले.

मी त्या हॉलमध्ये किती वेळा आले होते, पण तिथली शांतता कधी ऐकली नव्हती. बाहेर शेतात कुणीतरी बैलांना हाकारत होतं. ते इतकं स्पष्ट ऐकू आलं की तरुण इंजिनिअर खिडकीकडे वळला.

सरांनी रजिस्टर ओढलं, वेळ लिहिली आणि शेरा काय लिहावा म्हणून क्षणभर थांबले. मग रोजचंच लिहिलं, प्रसारण सामान्य. सही करणार होते, पण आता त्यांची सही चालत नव्हती हे आठवून त्यांनी पेन तरुण इंजिनिअरला दिला.

आम्ही बाहेर आलो. चौकीदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता.

"साहब, ताला लगा दूँ?"

"थांब रे," सर मराठीतच म्हणाले, "माझा डबा आत राहिला." आणि ते डबा आणायला परत आत गेले.